रोवणीचं वेळापत्रक आणि बाळाचं

आर्द्रा नक्षत्रात पावसाने जोर धरला की गोंदिया जिल्ह्यात रोवणीची धांदल सुरू होते. आमगाव असो, गोरेगाव असो की सडक अर्जुनी, जुलै-ऑगस्टच्या त्या आठवड्यांत धडधाकट बाई घरी सापडणं कठीण. सगळ्या बांधीत उतरलेल्या असतात. ज्या घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाळणा हललेला असतो, तिथे नेमका याच दिवसांत एक प्रश्न निघतो. याला आता पेज सुरू करायची का? बाळ असतं चार-साडेचार महिन्यांचं. त्याची स्वतःची काहीच मागणी नसते, घाई रोवणीची असते.

पुढेही असंच चालतं. शेजारचं पोरगं बसायला लागलं म्हणून आपल्याला उशांच्या मध्ये बसवायचं. घरात लग्न आहे, तोवर चाललं पाहिजे म्हणून चाकांचा वॉकर आणायचा. माझं सांगणं एवढंच आहे की बाळ पुढच्या टप्प्यासाठी तयार झालं आहे की नाही, हे बाळाच्या अंगावर दिसतं. घरातल्या कामांच्या आणि सणांच्या तारखांवरून ते ठरवू नये. त्या खुणा ओळखायला शिक्षण लागत नाही, रोज थोडं निवांत बघावं लागतं. आणि उशीर कधी खरा मानायचा, हेही त्यावरूनच कळतं.

आधी पेजेचंच बघू, कारण सगळ्यात जास्त घाई तिथेच होते. वरचं अन्न सुरू करायला बाळाची मान पक्की धरलेली हवी आणि कमरेला आधार दिला तर त्याला थोडा वेळ ताठ बसता यायला हवं. दुसरी खूण जिभेची. लहान बाळाच्या तोंडात चमचा गेला की जीभ तो आपोआप बाहेर ढकलते. हे हट्टाने होत नसतं. दुधाशिवाय दुसरं काही घशात जाऊ नये, म्हणून शरीराने केलेली ती राखण असते. ती सुटली की बाळ चमच्यावर ओठ मिटतं आणि घास मागे नेतं. तिसरी खूण म्हणजे डोळा, हात आणि तोंड यांचा मेळ. वस्तू दिसली, हात नेला, नेमकी पकडली, तोंडात घातली. या तिन्ही खुणा बहुतेक बाळांत सहाव्या महिन्याच्या आसपास एकत्र येतात. सहा महिने निव्वळ आईचं दूध, हा नियम या वाढीशी जुळणारा आहे.

फसवणाऱ्या खुणाही असतात. मूठ चोखणं ही भुकेची हमखास खूण नव्हे, कारण बाळं ती तिसऱ्या महिन्यापासूनच चोखतात. रात्री जास्त वेळा उठणं, तुमच्या ताटाकडे टक लावून बघणं, एवढ्यावरून पेज सुरू करू नका. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा 'बाळाला पाणी तरी पाजा' असा आग्रह होतो. सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला तेही लागत नाही. दूध जास्त वेळा द्यावं, त्यातच पाणी असतं. भाताच्या पातळ पाण्याने पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, आणि आईचं दूध खरोखरच आटायला लागतं.

पण रोवणीला जायचंच असेल तर? मजुरीचे हे थोडेच दिवस असतात, आणि त्यावर अनेक घरांचं वर्ष अवलंबून असतं. त्या बाईला 'जाऊ नको' म्हणणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. त्यापेक्षा हे करता येतं. निघण्यापूर्वी आणि आल्याबरोबर बाळाला पोटभर पाजा. बांधी जवळ असेल तर दुपारच्या सुट्टीत कोणीतरी बाळ घेऊन यावं. हे काम घरातल्या पुरुषाने करायला काहीच हरकत नाही. मधल्या वेळेसाठी दूध हाताने पिळून ठेवा. हात साबणाने धुतलेले असावेत, वाटी उकळत्या पाण्यातून काढलेली आणि झाकणाची. घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवलेलं हे दूध चार तासांच्या आत वापरायचं. फार उकाडा असेल तर त्याहून लवकर. ते चुलीवर तापवू नका, वाटी कोमट पाण्यात धरा. पाजायचं वाटी-चमच्याने. बाटली पावसाळ्यात नीट स्वच्छ राहत नाही आणि हगवण तिच्यातूनच येते. ही तयारी रोवणीच्या आदल्या दिवशी जमत नाही. आठवडाभर आधीपासून आजीच्या हातून चमच्याने पिण्याची सवय लावावी लागते.

उशीर करणं हीसुद्धा चूकच. उष्टावणाला मुलाचा सम महिना आणि मुलीचा विषम महिना धरायची रीत आहे. त्यामुळे एखाद्या मुलीला पाचव्यातच घास मिळतो, नाहीतर सातवा उजाडेपर्यंत थांबावं लागतं. मामाला सवड नसली की आणखी लांबणीवर. मुलाच्या आणि मुलीच्या जिभेत असा काही फरक नसतो. समारंभ सवडीने करा, घास मात्र खुणा दिसल्या की द्या. सहा महिन्यांनंतर बाळाची लोहाची गरज नुसत्या दुधाने भागत नाही. म्हणूनच या वयापासून आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर. ते फळीवर तसंच ठेवू नका.

आपला जिल्हा धानाचा, त्यामुळे पहिला घास भाताचा असणं साहजिक आहे. मात्र तो चमच्यावरून ओघळणारा नसावा, चमच्यावर टिकणारा असावा. मऊ भात आणि मुगाची डाळ घोटून त्यात थोडं तेल किंवा तूप घालावं, सोबत शिजवलेला शेवग्याचा पाला. काही दिवसांनी अंडं, आणि बोडीतली मासळी मिळत असेल तर काटे नीट काढलेला तुकडा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा, हळूहळू अर्धी वाटी, मग त्याहून जास्त. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. वर्षाच्या आत मध अजिबात नको, मीठ-साखरही नको. अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा आहार, म्हणजे टीएचआर, घरात वाटून संपतो, तो त्या बाळाचाच राहू द्या. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले की जेवण संपलं. मांडीवर आडवं दाबून, नाक धरून घास ओतायची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती ताबडतोब थांबवा, कारण अन्न श्वासनलिकेत जातं.

आता बसणं, रांगणं, चालणं. इथे सगळ्यात उपयोगी माहिती एका मोठ्या अभ्यासातून मिळाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी बाळं महिनोन्‌महिने पाहिली. भारतातली बाळं दिल्लीची होती. २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. एक बाळ नवव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्यात, आणि दोन्ही निरोगी असू शकतात. शिवाय सुमारे ४ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती बुडावर सरकली किंवा थेट उभी राहिली. म्हणून 'वर्षाच्या वाढदिवसाला चाललंच पाहिजे' हा हिशेब सोडून द्या. आपल्याकडेही बडोद्याला डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाचे मापदंड बांधले, आणि त्यांची 'डासी' ही चाचणी बालविकास केंद्रांमध्ये वापरली जाते. या साऱ्या मापनात एक गोष्ट कायम दिसते: क्रम बराचसा सारखा असतो, वेळ मात्र ज्याची त्याची.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर वय मोजायची रीत बदलते. जुलैच्या सुरुवातीची तारीख असताना मेच्या सुरुवातीला झालेलं बाळ नोव्हेंबरात कागदावर सहा महिन्यांचं होतं, पण वाढीच्या हिशेबाने ते चारच महिन्यांचं असतं. त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवा, आणि वरचं अन्न कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साधारण दोन वर्षांपर्यंत वय असंच धरायचं. विशेष नवजात कक्षातून घरी आलेल्या कितीतरी बाळांच्या आया 'माझं मागे पडलं' म्हणून झुरत असतात. अनेकींच्या बाबतीत मागे पडलेलं काहीच नसतं, दोन महिने वजा करायचे राहिलेले असतात.

बसण्याची तयारी पालथ्या बाळात दिसते. कोपरांऐवजी सरळ हातांवर छाती उचलतं, दोन्ही हात धरून हळूच उठवलं तर डोकं मागे लोंबकळत नाही, अंगाबरोबर येतं. मग ते पुढे हात टेकवून बसतं, नंतर हात सुटतात. उशांमध्ये रचून बसवलेल्या बाळाला तोल सांभाळायची संधी मिळत नाही. त्याला जमिनीवर पालथं ठेवणं जास्त उपयोगाचं. पहिल्या आठवड्यांपासून, बाळ जागं असताना, समोर कोणीतरी बसून. मालीश झाल्यानंतरची वेळ यासाठी उत्तम. झोपवायचं मात्र उताणंच.

रांगण्याची तयारी म्हणजे हात-गुडघ्यांवर उभं राहून पुढे-मागे झुलणं. अशा वेळी त्याला जागा लागते, आणि आपल्याकडे हिवाळ्यात नेमकी तीच मिळत नाही. गोंदियाची थंडी विदर्भात कडाक्याची मानली जाते. डिसेंबर-जानेवारीत बाळ स्वेटर, टोपरं, दुपट्यांत इतकं गुंडाळलेलं असतं की त्याला कूसही बदलता येत नाही. इस्रायलच्या हैफा विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की हिवाळा-वसंतात जन्मलेली बाळं सरासरी ३० आठवड्यांत रांगली आणि उन्हाळा-शरदातली ३५ आठवड्यांत. दुसऱ्या गटाची रांगायची वेळ थंडीत येत होती. अभ्यास लहान होता, पण त्यातून घेण्यासारखं आहे. सकाळी ऊन वर आलं की अंगणात किंवा पडवीत जाड गोधडी अंथरा, दोनच कपडे ठेवा, आणि अर्धा-एक तास बाळाला मोकळं सोडा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चटई टाका. पावसाळ्यात अडगळीचे कोपरे आधी तपासा, कारण साप-विंचू तिथेच निघतात. आणि रांगायला लागलेल्या बाळाच्या घरात पाण्याने भरलेली बादली जमिनीवर ठेवू नका. थोड्या पाण्यातही बाळ बुडतं.

चालण्याआधी बाळ खाटेला धरून आडवं-आडवं सरकतं, एक हात सोडतं, खाली वाकून वस्तू उचलतं आणि पुन्हा उभं राहतं. हे सगळं दिसलं की पहिलं पाऊल जवळ आलं समजा. तोपर्यंत दोन्ही हात वर ताणून चालवण्याने पायांना काही मिळत नाही. घरात अनवाणीच ठेवा, तळव्यांना जमीन कळली पाहिजे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बाळ स्वतः उभं राहून मागून ढकलतं, त्यात तोल त्याचाच असतो. बाजारातल्या चाकांच्या वॉकरमध्ये बाळ टांगलेलं असतं, बोटांच्या टोकांनी जमीन रेटतं आणि क्षणात चुलीपाशी किंवा पायरीवर पोहोचतं. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली. वॉकरने चालणं लवकर येत नाही, झालाच तर उशीर होतो. भेट म्हणून आला असेल तर नम्रपणे परत करा.

उभं राहण्याच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यातल्या घरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच समाजांत आहे. जन्मानंतरचे काही महिने बाळाच्या रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. ते ओसरलं की सहाव्या महिन्यानंतर पहिलं लक्षण अनेकदा हातापायांवर दिसतं. तळहात, बोटं, पावलं सुजतात आणि दुखतात. कालपर्यंत खाट धरून उभं राहणारं बाळ आज पाय टेकवताच किंचाळतं, रांगायचं टाळतं. घरचे म्हणतात लचक भरली, नजर लागली, आणि जोरजोरात तेल चोळतात. त्याने वेदना वाढतात. अशा वेळी वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलची तपासणी मागा. पहिली सोल्युबिलिटी चाचणी सोपी असते, पण त्यावर निदान पक्कं होत नाही, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर पहिली चाचणी भरवशाचीच नसते. आई-वडील दोघेही वाहक असल्याचं माहीत असेल तर लक्षणांची वाट बघायची गरजच नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यामुळे तपासणी मोफत आहे. निदान झालेल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, आणि लोहाचं औषध त्यांना विचारूनच द्यायचं.

नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमते. आता मऊ शिजवलेल्या गाजराचे, बटाट्याचे छोटे तुकडे त्याच्यापुढे ठेवता येतात, त्याचं त्याने उचलून खावं. याच चिमटीत शेंगदाणा, चणा, बटण, सीताफळाची बीसुद्धा येते. संक्रांतीचं बोरन्हाण याच वयात होतं, आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, गोळ्या, उसाचे करवे थेट तोंडात जातात. बाळाच्या बोरन्हाणात फक्त चुरमुरे आणि फुलं वापरा, बाकीचा खाऊ मोठ्या मुलांना हातात द्या.

बोलण्याबद्दल आपल्याकडे एक खास काळजी असते. घरात आजी झाडीबोलीत किंवा पोवारीत बोलते, सालेकसा-देवरीकडे गोंडी, बाजारात हिंदी, पलीकडून आलेली सून छत्तीसगढी. एवढ्या भाषांनी बाळ गोंधळेल, उशिरा बोलेल, म्हणून अनेक घरं आपली भाषा बंद करून मोडक्या प्रमाण मराठीत किंवा हिंदीत बोलू लागतात. तसं करू नका. दोन-तीन भाषांमुळे बोलण्याचा दोष निर्माण होत नाही. ज्या भाषेत तुम्ही मनापासून रागावता आणि लाड करता, तीच बाळाशी बोला. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजा. बोलण्याची तयारी शब्दांच्या बरीच आधी दिसते. बाळ आवाजाकडे वळतं, 'बाबाबा-दादादा' करतं, तुम्ही बोट दाखवाल तिकडे बघतं, मग स्वतः बोट दाखवून तुमच्याकडे पाहतं. ते बोट दाखवणं मला पहिल्या शब्दाइतकंच मोलाचं वाटतं, कारण 'तूही बघ' असं ते पहिल्यांदा सांगत असतं. मोबाइलवरचं गाणं हे काम करत नाही. ते बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

आता थांबायचं कधी नाही, ते. तीन महिने होऊनही बाळ तुमच्याकडे बघून हसत नाही. पाचव्या महिन्यातही मान धरत नाही. नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नाही किंवा आवाजाकडे वळत नाही. दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, एकही अर्थपूर्ण शब्द नाही, बोट दाखवत नाही. अंग सतत ताठ किंवा अगदी ढिलं लागतं. वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी येत असलेली गोष्ट बंद झाली, मग वय काहीही असो. यातलं काहीही दिसलं तर 'आमच्याकडे बोलायला उशीरच लागतो' या समजुतीवर महिने घालवू नका. लहानपणी मेंदू लवकर वळण घेतो आणि उपचारांचा उपयोगही तेव्हाच जास्त होतो.

विचारायला फार लांब जावं लागत नाही. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. त्या भेटी वजनापुरत्या संपवू नका, बाळ काय करतं आणि काय करत नाही हेही सांगा. माता व बाल संरक्षण कार्डात वयानुसार टप्प्यांची चित्रं आहेत, ती त्यांच्यासमोर उघडा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. पुढची तपासणी लागली तर हे पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं आणि तिथले उपचार मोफत होतात. देवरी-सालेकसाच्या आतल्या गावांतून गोंदियाला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी जाते. म्हणून एकाच खेपेत काम व्हावं अशी तयारी करून निघा. कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, सिकलसेलचा अहवाल असेल तर तो, आणि मोबाइलवर घरी काढलेले दोन-तीन छोटे व्हिडिओ बरोबर घ्या. बाळ जमिनीवर मोकळं असताना, खेळताना, तुम्ही हाक मारल्यावर. दवाखान्यात अनोळखी माणसं बघून बाळ रडतं, कडेवरून उतरत नाही आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. घरच्या दोन मिनिटांत त्यांना बरंच कळतं.